मुलांच्या दवाखान्यांत मनालाहि जागा

(नभोवाणीवरील भाषण)

मुलाला ताप आला म्हणजे काय करावें हें आईबापांस कोणी शिकवावें लागत नाहीं. कपाळावर हात ठेवला जातो, तापमापक काढला जातो, आणि ताप उतरला नाहीं तर सकाळीं दवाखाना गांठला जातो. पण तेंच मूल दोन महिन्यांपासून गप्प गप्प राहत असेल, रात्रीं दचकून उठत असेल, किंवा दर सोमवारीं शाळेच्या वेळेलाच त्याच्या पोटांत दुखूं लागत असेल, तर तें कोणाकडे न्यावें ह्याचा उलगडा चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतहि होत नाहीं. आजी दृष्ट काढते, वडील दटावतात, शेजारी कोठला तरी अंगारा सुचवितात, आणि आई मनाशीं म्हणते, "मोठें झालें कीं होईल बरें." ह्या चौघांपैकीं कोणाचेंहि मुलावरील प्रेम उणें नसतें. मनाच्या दुखण्यासाठीं कोणतें दार ठोठवावें, एवढेंच त्यांस ठाऊक नसतें. ज्या दारीं आपण तापासाठीं जातों, तेंच दार ह्या दुखण्यासाठींहि उघडें असावें, हा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आपल्या आयुर्वेदानें वैद्यकाचीं आठ अंगें मानलीं. त्यांत बालकांची चिकित्सा हें एक, आणि ग्रहांची, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणें मनाच्या विकारांची, चिकित्सा हें दुसरें. अंगें दोन मानलीं, तरी 'बालग्रह' ह्या नांवाखालीं मुलांचे झटके, भिणें, अखंड रडणें ह्यांचा विचार बालकांच्या वैद्यानेंच करावा अशी योजना होती. कारणमीमांसा आज आपणांस मान्य होणार नाहीं; पण मुलाचें शरीर आणि मुलाचें मन एकाच वैद्यानें पाहावें, ही दृष्टि मात्र शहाणपणाची होती. पुढें पाश्चात्य पद्धतीचीं रुग्णालयें आलीं आणि दोहोंमध्यें भिंत उभी राहिली. मुलांचा दवाखाना गांवांत राहिला. मनाचें इस्पितळ मात्र येरवड्याला, ठाण्याला, नागपुराला किंवा रत्नागिरीला गेलें. हिंगोलीच्या माणसाला हीं चारहि ठिकाणें दूर. शिवाय तीं मुख्यतः मोठ्या माणसांच्या तीव्र विकारांसाठीं. तेथें कोणती आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला पोटदुखीसाठीं नेणार?

ही भिंत पाडण्याचे प्रयत्न मात्र जुने आहेत. १९३० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या बालरोग विभागांतच लिओ कॅनर ह्यांनीं मुलांच्या मनोविकारांचें काम सुरू केलें. त्यांनींच १९४३ सालीं अकरा मुलांचीं टिपणें प्रसिद्ध करून, आज आपण जिला स्वमग्नता म्हणतों त्या अवस्थेचें वर्णन केलें. लंडनमध्यें पॅडिंग्टन ग्रीन येथील मुलांच्या रुग्णालयांत डोनाल्ड विनिकॉट हे १९२३ पासून सुमारें चाळीस वर्षें मुलें तपाशीत होते. ते मूळचे बालरोगतज्ज्ञ. पुढें मनोविश्लेषणहि शिकले. घसा पाहावयाची एक चकचकीत धातूची पट्टी त्यांच्या मेजाच्या कडेला ठेवलेली असे. आई बाळास मांडीवर घेऊन बसली म्हणजे ते कांहीं न बोलतां नुसतें पाहत. पांच ते तेरा महिन्यांचें मूल प्रथम पट्टीकडे हात नेतें, थबकतें, डॉक्टरांकडे आणि आईकडे पाहतें. मग धीर येऊन ती उचलतें, तोंडांत घालतें, आणि खेळून झालें कीं खालीं टाकून मोकळें होतें. ह्या क्रमांत मूल कोठें अडतें हें पाहून त्याच्या मनाविषयीं पुष्कळ कळतें, असें त्यांनीं १९४१ सालीं लिहिलें. ह्यासाठीं यंत्र लागलें नाहीं कीं निराळी इमारत लागली नाहीं. लागली ती एक पट्टी आणि पाहणारी नजर. ह्याच विनिकॉटांनीं १९४३ पासून बी.बी.सी.च्या नभोवाणीवरून आयांसाठीं अत्यंत साध्या भाषेंत भाषणें दिलीं.

आपणही फार मागें नव्हतों. मुंबईंत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ सालीं निघालें आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच्या आश्रयानें मुलांचें मार्गदर्शन-केंद्र सुरू झालें. आपल्या देशांतील अशा प्रकारचें तें पहिलें मानलें जातें. पण मुंबईंत उगवलेलें रोप मराठवाड्यापर्यंत येण्यास फार काळ लागला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मनाची चौकशी पहिल्याच दवाखान्यांत कां व्हावी? पहिलें कारण असें कीं, मूल तेथें येतेंच. मनोविकारतज्ज्ञाकडे कोणी सहज जात नाहीं. पण लसीसाठीं, खोकल्यासाठीं, हगवणीसाठीं मूल वर्षांतून अनेकदां डॉक्टरांपुढें बसतें. दुसरें कारण असें कीं, तेथें जाण्यांत लाज नाहीं. त्या बांकावर बसलेल्या आईकडे पाहून शेजारीण कुजबुजत नाहीं. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें आहे: लहान मुलाचें मन शरीराच्या भाषेंत बोलतें. "मी खिन्न आहें" किंवा "मला भीति वाटते" असें आठ वर्षांचें मूल म्हणत नाहीं, तें म्हणतें, "पोट दुखतें," "डोकें दुखतें," "जेवायचें नाहीं." पांचव्या वर्षीं सुटलेली अंथरूण ओलें करण्याची संवय आठव्या वर्षीं पुन्हां लागते. ही भाषा ज्याच्या कानीं प्रथम पडते तो डॉक्टरच तिचा अर्थ लावण्याच्या जागीं असतो.

ह्याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. जें मनाचें म्हणून आपण सोडून देतों, तें कित्येकदां शरीराचें असतें. मंद म्हणून मागच्या बांकावर बसविलेल्या मुलाला कमी ऐकूं येत असेल. चिडखोर मुलीच्या रक्तांत लोह कमी असेल. 'लक्ष नसतें' म्हणून ज्याला शिक्षक रागावतात, त्याला क्षणभर भान हरपणारें फेफरें असूं शकेल. त्यांत मूल पडत नाहीं, झटकेहि देत नाहीं, नुसतें कांहीं क्षण टक लावून पाहतें आणि धड्याची एक ओळ त्याच्या हातून निसटते. म्हणून शरीर पाहणाऱ्यास मन ठाऊक असावें आणि मन पाहणाऱ्यास शरीर. हें दोन्ही एका ठिकाणीं व्हावयाचें तर तें ठिकाण बालरोगाचा दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र हेंच होय.

समजा, सेनगांव तालुक्यांतील एका खेड्यांत नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिच्या पोटांत दुखतें. जंतांचें औषध दिलें, पातळ औषध दिलें, सोनोग्राफी झाली, सर्व ठीक. डॉक्टर म्हणाले, "कांहीं नाहीं." आतां हें 'कांहीं नाहीं' म्हणजे तपासणीचा शेवट कीं आरंभ? डॉक्टरांनीं एवढेंच विचारावें, "केव्हांपासून दुखतें?" आजी सांगेल, "दिवाळीपासून." "दिवाळींत काय झालें?" तर आईबाप ऊसतोडीला गेले, आणि मुलगी आजीजवळ राहिली. दुखणें खोटें नाहीं. आंतड्यांवर मनाचा ताण पडतो आणि खरोखरच कळ येते. अशा मुलीला फार औषध लागत नाहीं. ती ढोंग करीत नाहीं हें आजीला समजावून सांगावें. रोज सायंकाळीं ठरल्या वेळीं आईशीं फोनवर बोलणें व्हावें. गुरुजींच्या कानावर गोष्ट घालावी. दुखलें तरी थोडा वेळ कां होईना शाळेंत बसविण्याचा क्रम ठेवावा. गांवांत हंगामी वसतिगृह असेल तर त्याचाहि विचार व्हावा. आणि पंधरा दिवसांनीं तिला पुन्हां पाहावें. ह्या सगळ्यास दहा मिनिटें लागतात. तीं दिलीं नाहींत तर तीच मुलगी तीन दवाखाने फिरते, शाळेला मुकते, आणि शाळा सुटलेल्या मुलीचें पुढें काय होतें हें आपल्या भागांत कोणास निराळें सांगावयास नको.

हा प्रश्न मुलापुरताहि मर्यादित नाहीं. गोव्यांत विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बाळंतिणींचा अभ्यास केला. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत, बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनीं २५२ मातांपैकीं ५९ जणींस, म्हणजे शंभरांत तेवीस जणींस, खिन्नतेचा विकार आढळला. पुढच्या वर्षींच्या निबंधांत त्यांनीं दाखविलें कीं, अशा मातांच्या बाळांचें वजन व उंची सहाव्या महिन्यांत कमी राहण्याचा धोका अधिक असतो, आणि बुद्धीच्या वाढीवरहि परिणाम दिसतो. बाळाचें वजन वाढत नाहीं म्हणून आपण आईला आहार सांगतों, पावडरीचा डबा लिहून देतों, पण "तुम्हांला झोंप येते का? रडूं येतें का?" हें विचारीत नाहीं. बाळाच्या वजनाचा कांटा कधीं कधीं आईच्या मनाचें ओझें दाखवीत असतो. तो वाचावयास शिकणें हें बालरोगाचेंच काम आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ सालीं बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें बारा राज्यांत केली. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत सुमारें ७.३ टक्के मुलांस कोणता ना कोणता मनोविकार आढळला. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तेव्हां हा आंकडा जसाच्या तसा आपल्या माथीं मारूं नये. पण अदमास म्हणून घेतला तर चाळीस मुलांच्या वर्गांत सरासरीनें तीन मुलें होतात. २०११ च्या शिरगणतींत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली. एवढ्या लोकांतील मुलांसाठीं प्रत्येकी मनोविकारतज्ज्ञ मिळेल, अशी आशा कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं. म्हणून पहिली पायरी जवळच्या डॉक्टरांनीं, परिचारिकेनें आणि आशाताईंनीं सांभाळावी आणि अवघड तेवढें मूल तज्ज्ञाकडे जावें, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

सरकारी योजनांत ह्याची बीजें नाहींत असें नाहीं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांत पालघर येथें सुरू झाला. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांची तपासणी करून जन्मजात व्यंगें, पोषणाच्या उणिवा, आजार आणि वाढींतील विलंब ह्या चार गोष्टी हुडकाव्या, अशी ती योजना आहे. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असें फिरतें पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां आणि शाळेंत एकदां येतें. वाढीच्या विलंबांत बोलणें उशिरां येणें, स्वमग्नता, शिकण्यांतील अडचण आणि अतिचंचलता ह्यांचाहि समावेश आहे. म्हणजे मनाची तपासणी कागदावर तरी शरीराच्या तपासणीबरोबरच बसविलेली आहे. जानेवारी २०१४ मध्यें किशोरवयीनांचा कार्यक्रम आला; मानसिक आरोग्य हें त्याच्या सहा विषयांपैकीं एक, आणि महाराष्ट्रांत त्याच्या सल्ला-केंद्रांस 'मैत्री' हें गोड नांव मिळालें. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं टेलि-मानस ही सेवा सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रीं-बेरात्रीं, विनामूल्य, मराठींतहि बोलतां येतें. २०२४ सालीं हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आलें.

मग अडतें कोठें? अडतें तें सांध्यांत. पथकाचे डॉक्टर मूल पाहतात आणि चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी घेऊन आईनें जिल्ह्याच्या ठिकाणीं जावयाचें. एका दिवसाची मजुरी बुडते, बसचें भाडें जातें, पहिल्या खेपेस तज्ज्ञ भेटतीलच असें नाहीं. पुढें नांदेडला जा म्हटलें कीं आणखी ऐंशी-नव्वद किलोमीटर. दुसऱ्या खेपेस ती चिठ्ठी देव्हाऱ्यामागें खोंचली जाते. हें आईचें औदासीन्य नव्हे, हिशेब आहे. नुसतें हुडकून पुढें कांहीं न करणें हें तर न हुडकण्याहून वाईट, कारण त्यानें घराला भीति मिळते आणि उपाय मिळत नाहीं. शेतकरी कुटुंबांतील निराश माणसें ओळखण्यासाठीं शासनानें मराठवाडा व विदर्भांतील चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प हातीं घेतला, त्यांत हिंगोलीहि आहे. आशाताई घरोघर जाऊन कर्त्या माणसाची विचारपूस करितात हें फार चांगलें झालें. पण त्याच ओसरीवर वही उघडून बसलेला बारा वर्षांचा मुलगा सर्व ऐकत असतो. त्याची झोंप कशी आहे हेंहि त्याच फेरींत विचारलें जावें.

हा सांधा कसा जोडावा ह्याचीं उदाहरणें आहेत. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें २००४ सालीं एक सोपी युक्ति राज्यभर अंमलांत आणली. बालरोगतज्ज्ञाला एखाद्या मुलाविषयीं शंका आली कीं त्यानें फोन उचलावा, आणि मुलांच्या मनोविकारतज्ज्ञानें थोड्याच वेळांत त्याला सल्ला द्यावा. मूल आपल्याच डॉक्टरांजवळ राहतें. फिरतें तें ज्ञान. आपल्याकडे डॉक्टरांच्या खिशांत फोन आहे, जिल्ह्यांत महाविद्यालय आहे. आठवड्यांतून एक ठराविक तास बांधून घेतला तर ही सोय आपणांसहि अशक्य नाहीं. दुसरें उदाहरण पुन्हां गोव्याचें. तेथें २००७ ते २००९ ह्या काळांत प्राथमिक दवाखान्यांत 'मानस' नांवाचा प्रयोग झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट शिकविलेल्या स्थानिक माणसांनीं डॉक्टरांच्या जोडीनें खिन्नता व काळजी ह्यांनीं ग्रासलेल्या प्रौढांस धीर व सल्ला दिला. सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचें प्रमाण स्पष्टपणें वाढलें. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाहीं. प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता हें विसरूं नये. तथापि मनाची सेवा प्राथमिक केंद्रांत, थोड्या खर्चांत, साध्या माणसांकडून होऊं शकते, एवढें त्यानें सिद्ध केलें.

कोणी म्हणेल, साठ मुलें रांगेंत असतांना डॉक्टरांनीं मनाच्या गप्पा कधीं माराव्या? ह्याचें उत्तर लसीच्या वेळापत्रकांत आहे. जन्मतः, सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत, नवव्या महिन्यांत, दीड-दोन वर्षांचें असतांना, पांचव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीं मूल ठरून येतें. प्रत्येक वेळीं एकदोन प्रश्न पुरेत, आणि ते परिचारिकेनेंहि विचारावे. चौदाव्या आठवड्यांत: बाळ तुमच्याकडे पाहून हंसतें का? आणि बाई, तुमचें मन कसें आहे? नवव्या महिन्यांत: हांक मारली तर वळून पाहतें का? दीड वर्षांनीं: हवी ती वस्तु बोटानें दाखवितें का, शब्द बोलतें का? पांचव्या वर्षीं: इतर मुलांत मिसळतें का? दहाव्या वर्षीं: वाचतांना अक्षरें चुकतात का, शाळेंत कोणी त्रास देतें का? सोळाव्या वर्षीं मात्र आईबापांस क्षणभर बाहेर बसवून त्या मुलाशीं एकट्याशीं बोलावें. कारण ह्या वयांतील खरें उत्तर वडिलांच्या देखत येत नाहीं.

दुसरी शंका शिक्क्याची. "एकदां मनाचा आजार म्हटलें कीं मुलीचें लग्न कसें व्हावें?" हें भय खरें आहे; हंसण्यासारखें नाहीं. पण शिक्का बसतो तो निराळ्या दारीं गेल्यानें. मनाची चौकशी नेहमींच्याच दवाखान्यांत, नेहमींच्याच कागदावर होऊं लागली कीं शिक्क्याला जागाच उरत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेंहि मनाच्या आजारास शरीराच्या आजाराच्या बरोबरीनें वागवावें असा दंडक घातला आहे. तिसरी शंका औषधांची. मुलांच्या बहुतेक तक्रारींत पहिला उपाय बोलण्याचा, शिकविण्याचा आणि घरची शिस्त नीट लावण्याचा असतो. गोळी लागलीच तर ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेंच द्यावयाची.

शाळेलाहि ह्यांत वांटा उचलावा लागेल. शिक्षकाच्या हातीं एक असें साधन आहे जें कोणत्याहि डॉक्टरांपाशीं नाहीं, तें म्हणजे हजेरीपट. मूल कोणत्या वारीं गैरहजर असतें, कोणत्या तासाला त्याचें डोकें दुखतें, कोणत्या महिन्यापासून अक्षर बिघडलें, हें सर्व त्यांत आणि वह्यांत लिहिलेलें असतें. चाळीस वर्षें हजेरी मांडल्यावर मला एवढें खात्रीनें सांगतां येतें कीं, मुलाच्या मनाची पहिली नोंद पुष्कळदां त्या चौकटींतील रिकाम्या घरांतच होते. ती नोंद चार ओळींत लिहून पालकांमार्फत डॉक्टरांकडे पाठवावी. रोगाचें नांव मात्र शिक्षकानें ठेवूं नये. तें त्याचें काम नव्हे.

शेवटीं पालकांसाठीं दोन गोष्टी. दवाखान्यांत जाल तेव्हां मुलाच्या तापाबरोबर त्याची झोंप, जेवण, खेळ आणि शाळा ह्या चार गोष्टीहि डॉक्टरांस आपण होऊन सांगा. त्यांनीं विचारलें नाहीं तरी सांगा. एखादी तक्रार पंधरा दिवसांहून अधिक टिकली, किंवा मुलानें पूर्वीं येणारी गोष्ट सोडून दिली, तर वाट पाहूं नका. आणि एखादें मूल "मी नसतों तर बरें झालें असतें" अशा अर्थाचें कांहीं बोललें, तर त्याला रागावूं नका, थट्टा करूं नका. जवळ बसा, ऐका, एकटें सोडूं नका, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस भेटा किंवा १४४१६ वर फोन करा. कोणी मुलास छळीत असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. शेतीचीं विषारी औषधें घरांत उघडीं न ठेवतां कुलुपांत ठेवा. एका साध्या कुलुपानें एक जीव वांचूं शकतो.

देवीच्या रोगानें गांवेंच्या गांवें ओस पडत, तो रोग आज जगांत उरला नाहीं. पोलिओहि आपल्या देशांतून गेला. हें मोठ्या रुग्णालयांनीं केलें नाहीं. ओसरीवर बसून लस देणाऱ्या परिचारिकेनें आणि मुलाला वेळेवर घेऊन येणाऱ्या आईनें केलें. मनाच्या आजारांस तशी लस नाहीं. पण तीच ओसरी आहे, तीच परिचारिका आहे, आणि मूलहि तेंच आहे. त्याच वेळीं आणखी दोन प्रश्न विचारावयाचे आणि उत्तर येईपर्यंत थांबावयाचें, इतकेंच नवें शिकावयाचें आहे.